जाणाऱ्या गड्यावर कोणाचा हक्क?

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत ऑर्लँडो नांवाचें शहर आहे. तेथील धंदेवाईक बास्केटबॉलचा संघ १९८९ सालापासून खेळूं लागला, आणि १९९२ सालीं त्या संघांत शकील ओ'नील नांवाचा सात फूट एक इंच उंचीचा तरुण आला. त्याच्या बळावर तो नवखा संघ १९९५ सालीं अखेरच्या सामन्यांपर्यंत जाऊन पोहोंचला. तेथें ह्यूस्टनकडून सलग चार वेळां हार खावी लागली खरी, तरी एवढ्याशा शहराला एवढा मान पूर्वीं कधीं मिळाला नव्हता. पुढें १९९६ च्या उन्हाळ्यांत त्या गड्याचा करार संपला. मालकांनीं प्रथम जो आंकडा पुढें केला तो त्यास फार थोडा वाटला. घासाघीस चालू असतां शहरांतील वर्तमानपत्रानें आपल्या वाचकांस प्रश्न घातला कीं, या गड्याचें मोल साडेअकरा कोटी डॉलर आहे काय? उत्तर देणाऱ्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक लोकांनीं "नाहीं" असें कळविलें. थोड्याच दिवसांनीं, १८ जुलै रोजीं, तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास जाऊन मिळाला. करार सात वर्षांचा, व रक्कम सुमारें १२ कोटी डॉलर. तेव्हां ज्यांनीं त्याच्या नांवाचे सदरे कालपर्यंत मिरविले होते तेच त्यास लोभी व कृतघ्न म्हणूं लागले.

वाचकहो, या गोष्टीशीं आपणां खेड्यांतील लोकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध रकमेचा नाहीं. इतक्या पैशाची कल्पनाही आपणांस करितां येत नाहीं. परंतु ज्यावर आपलें प्रेम जडलें तो मनुष्य अधिक वेतनासाठीं आपणांस सोडून गेला म्हणजे त्यानें आपला अपराध केला काय, हा प्रश्न शाळा असलेल्या प्रत्येक गांवांत व उपदेशक असलेल्या प्रत्येक मंडळींत उठतो. तो मोठ्या पडद्यावर पाहिला असतां कदाचित् अधिक स्पष्ट दिसेल.

हा खेळ पैशासाठीं निघाला नव्हता, हेंही येथें सांगून टाकावें. सन १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या तरुण शिक्षकानें तो काढिला. नेस्मिथानें माँट्रिअल येथें ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला होता. हिंवाळ्यांत घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांस कांहीं व्यायाम व्हावा म्हणून त्यानें सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकिल्या व तेरा नियम लिहिले. त्या टोपल्यांतून पुढें कोट्यवधि डॉलर निघतील हें त्याच्या स्वप्नींही आलें नसेल. आपल्या देशांतही हा खेळ त्याच संस्थेच्या द्वारें आला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशा वेळीं लोकांच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो विश्वासघात, आणि त्यामागून यहूदाचें नांव. आमच्या मतें हें नांव फार सैल हातानें वापरिलें जातें. यहूदानें ज्याच्या ताटांत हात घातला त्यालाच शत्रूच्या हातीं दिलें. जें रुपें त्यानें घेतलें तें दुसऱ्याच्या जिवाचें मोल होतें. खेळणाऱ्यानें विकिलें तें आपलेंच अंग व आपलाच घाम. तेंही केव्हां, तर दिलेल्या वचनाची मुदत भरल्यावर. करार मोडून मध्येंच पळून जाणें निराळें, आणि करार पुरा करून निघणें निराळें. यांत भेद न करील तो न्यायाच्या आसनावर बसण्यास योग्य नाहीं.

शिवाय हें निघण्याचें स्वातंत्र्य त्या गड्यांस सुखासुखीं मिळालें नाहीं. पूर्वीं करार संपला तरी गडी मालकाकडेच बांधलेला राही. दुसरीकडे जाण्याची त्यास मुभा नसे. सन १९७० मध्यें खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यानें इतर गड्यांसह न्यायालयांत दावा लाविला. तो सहा वर्षें चालून १९७६ त तडजोड झाली, आणि तेव्हांपासून हें दार किलकिलें झालें. आमच्या भाषेंत गडी म्हणजे खेळणारा, आणि गडी म्हणजे घरचा चाकरही. प्रेक्षक पहिल्या अर्थानें त्यास हांक मारितात. मालकांच्या वहींत तो बहुतकरून दुसऱ्या अर्थानेंच लिहिलेला होता. लोकांस हा दुसरा अर्थ दिसत नाहीं, कारण वही त्यांच्या हातीं कधीं पडत नाहीं.

इतकें म्हटलें म्हणून आम्हीं जाणाऱ्यास अगदींच निर्दोष ठरवितों असें कोणी समजूं नये. शेतमजुराची मजुरी दुप्पट झाली तर त्याच्या घरीं चूल दोनदां पेटते. म्हणून अधिक मजुरीकडे जाणाऱ्या मजुरास जो नांवें ठेवितो तो निष्ठुर होय. परंतु ज्यास इकडे राहिल्यानेंही कोट्यवधि मिळणार, त्यास तिकडच्या वाढीव रकमेची गरज आहे असें म्हणवत नाहीं. मग तो कां जातो? आम्हांस वाटतें, तेथें पैसा हा पैसा राहत नाहीं. तो मानाचें माप होतो. अमक्यास इतके मिळाले व मला कमी, म्हणजे मी त्याहून हलका, असा तो हिशेब आहे. हा हिशेब खोटा आहे. तरी ऑर्लँडोच्या लोकांनीं एक गोष्ट ध्यानांत आणावयास पाहिजे होती. त्या तरुणास तराजूंत प्रथम कोणी बसविलें? त्याचें मोल इतकें आहे काय, असें छापून विचारणारे व "नाहीं" म्हणून कळविणारे त्याच्याच गांवचे होते. मनुष्याचें मोल चव्हाट्यावर ठरवावें, तें कमी ठरवावें, आणि मग त्यानें अधिक मोल देणाऱ्याकडे जाऊं नये अशी अपेक्षा करावी, हें प्रेमाचें बोलणें नव्हे. बाजारांत उभें राहून देवळाच्या भाषेंत बोलूं नये.

परंतु राग खरोखर पैशाचाच असतो काय? याचा उलगडा दुसऱ्या एका उदाहरणानें चांगला होतो, आणि तेथें थोडें थांबलें पाहिजे.

ओहायो संस्थानांत क्लीव्हलँड नांवाचें कारखान्यांचें शहर आहे. तेथून सुमारें चाळीस मैलांवर अ‍ॅक्रन येथें जन्मलेला लेब्रॉन जेम्स हा २००३ सालीं क्लीव्हलँडच्या संघांत आला. म्हणजे तो नुसता संघाचाच नव्हे, तर त्या मुलुखाचा मुलगा. १९६४ पासून त्या शहरास कोणत्याही मोठ्या खेळांत अजिंक्यपद मिळालें नव्हतें, आणि हा मुलगा तें मिळवून देईल अशी सर्वांची आशा होती. शहराच्या मध्यभागीं एका इमारतीवर त्याचें दहा मजले उंच चित्र टांगिलेलें होतें. सात वर्षांनीं, ८ जुलै २०१० रोजीं, तो दूरचित्रवाणीवरील एका खास कार्यक्रमांत बसला, आणि आपण मायामीस जातों असें त्यानें सर्व राष्ट्रासमक्ष सांगितलें. त्याच रात्रीं क्लीव्हलँडच्या रस्त्यांत त्याचे सदरे जळाले. दोन दिवसांत तें दहा मजली चित्र उतरविण्यांत आलें. संघाचा मालक डॅन गिल्बर्ट यानें लोकांस उद्देशून पत्र प्रसिद्ध करून या जाण्यास भ्याडपणाचा विश्वासघात म्हटलें. यासाठीं संघटनेनें पुढें त्यास एक लाख डॉलर दंड केला. त्याच मालकाची भिंतीवर चिकटविण्याचीं मोठीं चित्रें विकणारी एक कंपनी होती. तिनें जेम्सच्या चित्राची किंमत उतरवून १७ डॉलर ४१ सेंट केली, कारण अमेरिकेच्या इतिहासांतील प्रसिद्ध देशद्रोही बेनेडिक्ट आर्नल्ड हा सन १७४१ त जन्मला. सूड उगवितांनाही दुकान उघडेंच होतें, हें वाचून आम्हांस हंसावें कीं कष्टी व्हावें हें कळेना. त्या वेळीं रेव्हरंड जेसी जॅक्सन यांनीं जाहीरपणें असा आक्षेप घेतला कीं, हा मालक पळून गेलेल्या गुलामाविषयीं बोलावें तसा बोलत आहे. शब्द कडक होते; तरी ते अगदींच अस्थानीं होते असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां यांतील मर्म पाहा. जेम्स मायामीस गेला तो अधिक पैशासाठीं नव्हे. क्लीव्हलँडचा संघ नियमाप्रमाणें त्यास अधिक देऊं शकत होता. त्यानें कांहीं कमीच घेतलें. तरीही सदरे जळाले. तेव्हां लोभ हें कारण नव्हतें; तें हाताशीं असलेलें नांव होतें. दुखलें तें निराळेंच. आपल्या मराठी घरांतून बाहेर पडणारा मनुष्य "जातों" म्हणत नाहीं, "येतों" म्हणतो. उंबऱ्यावर उभें राहून तो घरच्यांस प्रथम सांगतो. गांवास मागाहून कळतें. क्लीव्हलँडच्या लोकांस त्यांच्याच मुलाचें जाणें जगाबरोबर, त्याच क्षणीं, यंत्राच्या पडद्यावर कळलें. त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नांतून मुलांच्या संस्थांस मोठी देणगी गेली ही गोष्ट खरी. परंतु धर्म केल्यानें निरोप न घेतल्याची उणीव भरून निघत नाहीं.

पुढें काय झालें तेंही या मताची साक्ष देतें. २०१४ च्या जुलैंत तो परत आला. २०१६ च्या जूनमध्यें, तीन सामने हरून व एकच जिंकून मागें पडलेला असतां, त्याच्या संघानें उरलेले तीन्ही सामने जिंकले, आणि ५२ वर्षांचा दुष्काळ संपला. मिरवणुकीस लाखों लोक लोटले. त्यानंतर २०१८ त तो पुन्हां गेला. या वेळीं तो लेकर्सकडे गेला, चार वर्षांच्या पंधरा कोटींहून अधिक डॉलरच्या करारावर. तरी त्या नोव्हेंबरांत तो पाहुण्या संघाचा गडी म्हणून क्लीव्हलँडास आला तेव्हां लोकांनीं उभें राहून टाळ्या वाजविल्या. कोणी म्हणेल, अजिंक्यपदाचें देणें फिटलें म्हणून लोक शांत झाले. त्यांत तथ्य आहे, आणि आम्हांस तें थोडें खटकतें. कारण देणें फिटल्यावर जी माया दिसते ती मायाच कीं पावती? तथापि इतकेंच असतें तर लोक नुसते गप्प बसले असते. उठून उभे राहिले नसते.

आतां दुसरी बाजू. गड्याकडून निष्ठा मागणारा संघ स्वतः किती निष्ठ असतो? ज्या लेकर्सकडे हे दोघे गेले तो संघच मूळचा मिनिॲपोलिसचा. त्या संस्थानांत सरोवरें पुष्कळ, म्हणून सरोवरवाले असें त्याचें नांव. १९६० सालीं मालकानें तो उचलून लॉस एंजेलिसला नेला. सरोवरें मागें राहिलीं, नांव मात्र बरोबर गेलें. सिअ‍ॅटलचा संघ १९६७ पासून तेथें होता, १९७९ त त्यानें अजिंक्यपद जिंकलें होतें; नव्या मालकांनीं २००८ सालीं तो ओक्लाहोमा शहरीं हलविला. तेथें त्या संघाबरोबर गेलेल्या केव्हिन ड्युरंट या गड्यानें २०१६ च्या जुलैंत दुसऱ्या संघाची वाट धरली, तेव्हां ओक्लाहोमाचे लोक त्याचे सदरे जाळूं लागले. त्या वेळीं सिअ‍ॅटलचा एखादा वृद्ध प्रेक्षक मनांत काय म्हणाला असेल? ज्या शहरास संपूर्ण संघ दुसऱ्याच्या अंगणांतून मिळाला, त्यास एक गडी गेल्याचें इतकें दुःख!

आणि संघ गड्यास विचारल्यावांचून त्याची अदलाबदल करूं शकतो, तेव्हां तर निष्ठेचें नांवही कोणी काढीत नाहीं. त्यास व्यवहार म्हणतात. २ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास डॅलसच्या संघानें आपला पंचवीस वर्षांचा उत्तम गडी लुका डॉन्चिच हा लेकर्सला देऊन टाकिला. त्या वेळीं एक विलक्षण गोष्ट घडली. लोकांचा राग गड्यावर न होतां कारभाऱ्यांवर झाला. मैदानाबाहेर ते शवपेटी घेऊन आले. त्याच अंगणांत डर्क नोविट्स्कीचा पुतळा आहे. तो १९९८ पासून २०१९ पर्यंत एकवीस हंगाम एकाच संघांत खेळला, आणि २०१४ त इतरांनीं देऊं केलेल्या नऊ कोटींहून अधिक डॉलरकडे पाठ फिरवून अडीच कोटींवर तेथेंच राहिला.

नोविट्स्कीचें उदाहरण पुढें करून पुष्कळ लोक म्हणतात, पाहा, तो राहिला, मग इतरांनीं कां राहूं नये? हा तर्क उलटा आहे. कर्ज फेडणाऱ्याचा कोणी पुतळा उभारीत नाहीं. नोविट्स्की राहिला म्हणून जो मान त्यास मिळाला तो अशासाठीं कीं, जाण्यास तो मोकळा होता, आणि गेला असता तरी त्यास अपराधी म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता. राहणें हें देणें ठरविलें कीं त्यांतील दान नाहींसें झालें. जो सदरा जाळणारा निष्ठेची एवढी थोरवी गातो, तोच ती दंड्याच्या धाकानें वसूल करूं पाहतो, आणि वसूल केलेल्या निष्ठेला वेठ म्हणतात. वेठीची चव आपल्या वाडवडिलांस चांगली ठाऊक होती.

मग प्रेक्षकाच्या प्रेमाचें कांहींच देणें लागत नाहीं काय? येथें आमचें मत कित्येकांहून वेगळें आहे. व्यवहारी माणूस म्हणतो, तिकिटाचे पैसे दिले, खेळ पाहिला, हिशेब संपला. तसें नाहीं. ज्यानें लोकांचे हार घेतले, ज्यानें "मी तुमचाच" म्हणून त्यांच्या मुलांचे हात हातांत घेतले, त्यानें एक दान स्वीकारिलें. दान स्वीकारणाऱ्यावर आयुष्यभर राहण्याचें बंधन पडत नाहीं. परंतु खरें बोलण्याचें, तोंड न चुकवितां निरोप घेण्याचें, आणि जातांना मागच्या घराची निंदा न करण्याचें बंधन पडतें. इतकें तो चुकला तर लोकांनीं दुःखी व्हावें. तें दुःख न्याय्य आहे. परंतु दुःखाचा सूड होऊं लागला कीं त्यांत न्याय उरत नाहीं. मुंबईंत वानखेडे मैदानावर २०२४ च्या एप्रिलांत क्रिकेटच्या आपल्याच संघाचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या याची लोकांनीं हुर्यो केली, कारण तो गुजरातच्या संघांतून परत आला होता व आवडत्या कर्णधाराच्या जागीं बसला होता; त्याच मैदानावर ४ जुलै रोजीं, जगज्जेता संघ परतल्यावर, त्याच्याच नांवाचा गजर झाला. तीन महिन्यांत त्याचें शील तर बदललें नव्हतें.

सदरा जाळण्यांत आणखी एक गोष्ट आहे, तिचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो सदरा पुष्कळदां मुलासाठीं घेतलेला असतो. मुलानें त्या गड्याप्रमाणें चेंडू टाकण्याचा सराव केलेला असतो. बाप तो सदरा अंगणांत जाळितो तेव्हां मूल शिकतें तें हें कीं, माणूस आपल्या उपयोगी आहे तोंवर आपला. आणि जो गेला त्याचें सारें पूर्वीचें चांगलेंही खोटें. त्या मुलास मोठेपणीं चाकरीसाठीं गांव सोडावें लागलें तर त्यानें कोणत्या तोंडानें निरोप मागावा? आपल्या मंडळ्यांतून शिकून शहरीं गेलेलीं मुलें पत्र पाठविण्यास कां कचरतात, याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें. तीं निघालीं तेव्हां आम्हीं त्यांस काय म्हटलें होतें?

जे शिक्षक व उपदेशक वीस वीस वर्षें एका खेड्यांत काढितात त्यांची योग्यता आम्हीं जाणतों. पण जो सात वर्षांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं किंवा म्हाताऱ्या आईच्या औषधासाठीं अधिक वेतनाच्या जागीं गेला, त्याच्याविषयीं "तो विकला गेला" हे उद्गार आम्हीं पुष्कळ गांवांत ऐकिले आहेत. बोलणाऱ्यांनीं त्याचें तीन तीन महिन्यांचें वेतन थकविलेलें असतें, ही गोष्ट त्या संभाषणांत येत नाहीं.

ओ'नीलला ऑर्लँडोच्या संघानें १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं बोलावून त्याचा ३२ हा आंकडा छतास टांगिला. पुढें तो दुसऱ्या कोणासही मिळणार नाहीं. त्या संघानें कोणा गड्याचा आंकडा असा राखून ठेविण्याची ती पहिलीच वेळ. जो गेला म्हणून शहर १९९६ सालीं जळफळलें, त्याच्याहून मोठा मान तेथें राहिलेल्या कोणासही मिळाला नाहीं.

परंतु आमच्या मनांत अधिक घर करून आहे तो आयझेया थॉमस. हा जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा गडी बोस्टनच्या संघांत होता. २०१७ च्या एप्रिलांत त्याची धाकटी बहीण मोटारच्या अपघातांत वारली; दुसऱ्याच दिवशीं तो मैदानांत उतरला व खेळला. २ मे हा तिचा जन्मदिवस. त्या दिवशीं त्यानें एकट्यानें ५३ गुण केले. त्याच्या कमरेच्या सांध्यास दुखापत झाली होती. ऑगस्टांत संघानें त्यास क्लीव्हलँडला देऊन त्याच्याऐवजीं दुसरा गडी घेतला. पुढें तो गांवोगांव फिरला. पूर्वीचा जोर अंगांत उरला नव्हता. २०१९ च्या मार्चांत डेन्व्हरच्या संघाबरोबर तो बोस्टनास आला. पडद्यावर त्याच्या जुन्या खेळाचीं चित्रें दाखविण्यांत आलीं. तेव्हां तो बोस्टनचा गडी नव्हता आणि त्याच्यापासून त्या लोकांस कांहीं मिळण्यासारखेंही नव्हतें. लोक उठून उभे राहिले, आणि बराच वेळ बसले नाहींत.